तिसरं कडवं

वेंगुर्ल्याच्या मिशन देवळात पायपेटी माझ्याकडे आली
तेव्हा मी चौदाचा. पाय भात्याला जेमतेम पुरायचे.
तबिथा केळुसकर, इस्पितळातली नर्स,
ड्यूटीवरून तशीच आलेली, बाह्यांना फिनेलचा वास,
म्हणाली, "काळी दोन दे. आणि घाई करू नकोस."
घाई तिनंच केली.

फलार्पणाचा सण. वेदीपाशी कोहळे, सुरणाचे गड्डे,
आणि कुणीतरी पाय बांधून ठेवलेला कोंबडा,
जो दुसऱ्या कडव्यात ओरडला.
तिनं गीत म्हटलं पुस्तकात छापलंय तसं,
चारही कडवी, स्वल्पविरामांसकट,
पाढे म्हणावेत तशी मान हलवत.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
काळी दोन. पावणेचार मिनिटं. कोंबडा.

पुढची काही वर्षं समासात नुसत्या पट्ट्याच आहेत.
आवाज पिकत होता फणसासारखा,
बाहेरून काही कळत नाही,
आणि एक दिवस खोलीभर वास.
"नाव माझी लाव तीराला" ह्या ओळीत
ती 'लाव'वर थांबायला लागली.
आधी एक मात्रा. मग दोन.
मग पाद्रीसाहेब घड्याळ बघेपर्यंत.

नारळी पौर्णिमेला चार दिवस होते,
पण खवणेकरांच्या घरात तांदूळ नव्हते.
होडी गेली, आली नाही.
सरसोती त्या रात्री लेबर वॉर्डात.
मूल तबिथानंच हातात घेतलं
आणि उजाडल्यावर बातमीही तिनंच सांगितली.
रविवारी दुसरं कडवं संपलं,
मी तिसऱ्याचे सूर धरले,
ती सरळ चौथ्यावर गेली.
तिसऱ्यात काय आहे ते सगळ्यांना पाठ होतं:
"निजले वादळ, निजले पाणी,
सगळे घरी परतले."

त्यानंतर सव्वीस वर्षं
आमच्याकडे ते गीत तीनच कडव्यांचं.
नव्या मुलांना वाटे, छापण्यात चूक आहे.

मध्ये एकदा बाबली मेस्त्री,
दशावतारातला मृदंगवाला, पाय मोडून वॉर्डात पडला.
औषधांच्या ट्रेवर बोटं वाजवायचा,
ती इंजेक्शन भरता भरता गुणगुणायची.
नाताळात त्याला कुबड्यांसकट वेदीजवळ बसवलं.
गीत डोलायला लागलं, खाडीत बांधलेल्या होडीसारखं.
एक वडीलधारे रागानं उठून गेले.
शेवटच्या कडव्याला परत येऊन बसले.

रत्नागिरीच्या आकाशवाणीवर लाल दिवा लागला
तेव्हा मात्र तिनं पुन्हा पाढे म्हटले. तीन मिनिटं, चोख.
परतताना एसटी राजापूरच्या घाटात तापून थांबली,
आणि ती खिडकीबाहेर बघत तेच गीत म्हणू लागली,
इतकं सावकाश की 'लाव' आणि 'तीराला'च्या मध्ये
ड्रायव्हर पाणी आणून परत आला.
कंडक्टर म्हणाला, "बाई, सुट्टे आठ आणे ऱ्हवले."

मग आवाज पायरीपायरीनं उतरला.
पांढरी एक. काळी पाच. पांढरी पाच.
ती निम्मी ओळ म्हणायची, निम्मी लोकांवर सोडायची,
आणि लोक आपली वाटून घ्यायचे.

शेवटच्या सणाला तिला खुर्चीत बसवून आणली.
मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली.
पहिलं कडवं. दुसरं.
मी चौथ्याचे सूर धरले,
आणि ती म्हणाली, "निजले वादळ..."

माझी बोटं तिथेच थांबली.
मागे दरवाजात सरसोती होती.
इस्पितळात आया म्हणून जन्म काढलेली,
दर सणाला पायरीवर चपला सांभाळत उभी,
आत कधी न आलेली.
कुणीतरी तबिथाच्या खांद्यावर हात ठेवायला उठलं.
"म्हणांदे तिका," सरसोती म्हणाली.
आवाज उंबऱ्याच्या आतून आला.

तबिथाला होडी आठवत होती की नव्हती,
मी विचारलं नाही.
"सगळे घरी परतले," तिनं म्हटलं,
'सगळे'वर थांबली नाही,
'घरी'वर थांबली.

रात्री पुस्तक उघडलं. समासात जागा थोडीच होती.
लिहिलं: पट्टी समजली नाही.
वेळ बघितली नाही.
कोंबडा नव्हता.